सिस्टरच्या वॉर्डातली वांगी

माझी नात फ्रीजचं दार उघडते आणि त्याच्यासमोर विचार करत उभी राहते. काय हवंय ते आधी ठरलेलं नसतं, आत बघून ठरवायचं असतं. अशा वेळी माझ्या तोंडून हटकून निघतं, "भेटीची वेळ संपली." ती हसते आणि दार लावते. आजीचं काहीतरी खूळ, असं तिला वाटतं. खूळ खरंच आहे, पण माझं नाही. ते आमच्या सिस्टरचं.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मला पारनेर तालुक्यात, सुप्याहून थोडं आत असलेल्या एका गावात हायस्कुलावर नोकरी लागली. आमचं घर केडगावला. रोज एस.टी.नं जाऊन येऊन पाहिलं, पण एस.टी. तिच्या मर्जीनं यायची आणि शाळा घंटेवर भरायची. गावात खोली बघावी तर एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी राजी नाही. शेवटी दिली ती एका निवृत्त नर्सबाईंनी. त्या नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं, सगळी हयात मिशनच्या दवाखान्यांत गेलेली. गाव त्यांना शिष्टरबाई म्हणायचं, मी सिस्टर म्हणायचे आणि त्या मला टीचर म्हणायच्या. नोकरी सुटली तरी अंगावर पांढरंच लुगडं आणि छातीशी उलटं लटकवलेलं घड्याळ. त्या घड्याळाचा आता उपयोग काय, असं मी एकदा विचारलं. "नाडी बघायला," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या टोपलीतल्या दोडक्यावर दोन बोटं ठेवली. मला वाटलं, चेष्टा करतायत. त्या चेष्टा करत नव्हत्या.

त्यांचा फ्रीज रॉकेलवर चालायचा. तेव्हा आमच्या आळीत वीज नव्हती. कुठलासा दवाखाना बंद पडला तेव्हा लशी ठेवायचा हा जुना फ्रीज कुणाला नको होता, तो यांनी निवृत्तीच्या वेळी मागून घेतला. खाली रॉकेलची टाकी, तिला वात, मागून धुराडं आणि वर आत थंडावा. "खाली जाळ अन् वर बर्फ, ह्ये काय आपल्याला पटत न्हाई," असं म्हणत गावातले म्हातारे तो येऊन पाहून जायचे. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की सिस्टर सगळी कामं टाकून जमिनीवर आडव्या पडायच्या आणि कात्रीनं वात नीट करायच्या. पांढऱ्या लुगड्यावर काजळी लागायची, मग त्या लुगडं धुवायच्या आणि धुताना फ्रीजला नावं ठेवायच्या.

या एवढ्या मोठ्या कपाटात खरा बर्फ धरणारा कप्पा मात्र अगदीच लहान. बर्फाचे दोन साचे आत गेले की वर एक चपटा डबा कसाबसा बसायचा. त्या कप्प्याला सिस्टर वॉर्ड म्हणायच्या. एका साच्यात कायम साधं पाणी. गावात कुणाच्या पोराचा ताप डोक्यात जायला लागला की रात्री-अपरात्री बर्फ मागायला माणसं यायची, म्हणून त्या साच्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. उरला एक साचा आणि तो चपटा डबा. त्यासाठी साऱ्या गावची भाजी रांगेत उभी असायची.

कारण सिस्टरना टाकलेलं अन्न बघवायचं नाही. सुप्याच्या बाजारात त्या सायकलवरून जायच्या, तेही बाजार उठताना. इतर बायका सकाळी ताजी भाजी निवडून घ्यायच्या. सिस्टर संध्याकाळी, माळवं विकणारे उरलेली भाजी तिथेच जनावरांपुढे टाकून निघायच्या बेतात असताना पोचायच्या. मग सायकलच्या पुढच्या टोपलीत टोमॅटो, मागच्या पाटीत मेथी, हँडलला लटकलेली घोसाळी, अशी ती वरात गावात शिरायची. पोरं मागं धावायची. मी शाळेतली बाई, मला आधी फार लाज वाटे. ओळखीच्या कुणी विचारलं तर मी त्यांच्याकडे राहते हे सांगताना आवाज बारीक करायचे.

घरी आल्यावर ओसरीवर तपासणी. सगळी भाजी पोत्यावर पसरायची आणि एकेक उचलून निकाल द्यायचा. "गवार, तुला काही झालेलं नाही. एक उकळी घे आणि उन्हात पड. मेथी सावलीत, उन्हात रंग जातो तिचा. कारली, मीठ लावून चकत्या. भेंडी, टाके." भेंडीला टाके म्हणजे खरोखरचे टाके. ऑपरेशनची वाकडी सुई आणि तिचाच दोरा त्यांच्याकडे होता. त्यात भेंड्या ओवून त्या माळा दारावर बांधायच्या. नवीन माणसाला वाटे, घरात काही मंगलकार्य आहे. गाजरं ओल्या वाळूच्या पेटीत. लिंबं मिठात. अंगणात, पत्र्यावर, माझ्या खोलीच्या खिडकीत, सगळीकडे काही ना काही वाळत पडलेलं. एकदा माझ्या पिशवीत तपासायच्या पेपरांबरोबर घोसाळ्याच्या चकत्या शाळेत गेल्या.

"वॉर्डात कुणाला घ्यायचं ते कसं ठरवता?" मी विचारलं होतं.

"ज्याला ऊन चालत नाही, मीठ चालत नाही, तेल चालत नाही, आणि जो गेला तर कुणाचं तरी अडेल, त्याला. बाकी सगळे घरी बरे होतात. ऊन फुकट आहे, टीचर. बर्फाला रॉकेल लागतं."

दर साली त्या उरलेल्या साच्यात मान असायचा वाटाण्याला. आमच्या पारनेर भागातला पावसाळी वाटाणा गोड. तो भाद्रपदात सोलून, उकळत्या पाण्यातून काढून त्या साच्यात गोठवायच्या आणि नाताळात त्याच्या करंज्या करायच्या. पंचपक्वान्नं नसली तरी चालतील, पण नाताळाला त्या करंज्या हव्यातच. माझ्या पहिल्या वर्षी मी त्या खाल्ल्या. डिसेंबरात भाद्रपदातला कोवळा वाटाणा दाताखाली आला आणि सकाळपासूनचा माझा सगळा राग गेला. राग कशाचा होता ते आता आठवत नाही. मला तेव्हा कशाचाही राग यायचा.

फ्रीज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उघडायचा. त्याच भेटीच्या वेळा. मधे कुणी हात लावला तर सिस्टर नुसत्या घड्याळाकडे बघायच्या. पुरे व्हायचं.

आता आत्यांचं सांगितलं पाहिजे, कारण आत्यांशिवाय सिस्टर पुऱ्या होत नाहीत.

आत्या म्हणजे शेजारच्या घरातली म्हातारी. सारी आळी तिला आत्या म्हणायची. नवरा कधीच गेलेला, एकच मुलगा किसन, सून, आणि ओढ्यापलीकडे विहिरीवरचा थोडासा मळा. सिस्टर गावात राहायला आल्या त्याच वर्षी किसनला विषमज्वर झाला होता. सिस्टर रात्रंदिवस त्याच्या उशाशी होत्या. त्याच दिवसांत आत्यांनी खंडोबाला नवस बोलला, की पोरगं उठलं तर जिवात जीव असेतो चंपाषष्ठीचे सहा दिवस उपास करीन आणि आपल्या मळ्यातल्या वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा तुला दाखवल्याशिवाय तो सोडणार नाही. किसन उठला. तेव्हापासून दोघींत एक वाद होता, तो कधी मिटला नाही आणि मिटावा असं दोघींनाही वाटत नसावं.

"देवानं वाचिवला त्याला," आत्या कुंपणापलीकडून म्हणायच्या.

"मी सुई टोचत होते तेव्हा मला तर कुणी दिसलं नाही," सिस्टर अलीकडून.

"तुमाला सुई कुनी दिली?"

"दवाखान्यानं."

"अन् दवाखान्याला?"

इथे सिस्टर गप्प बसायच्या, कारण या प्रश्नाचं त्यांचं उत्तरही देवच होतं, फक्त दुसरा.

खंडोबाच्या घरातली रीत अशी, की चातुर्मास लागला की वांगं बंद. ते पुन्हा तोंडात घालायचं चंपाषष्ठीला, देवाला दाखवून. पण ही रीत वांग्याच्या झाडाला माहीत नसते. ऐन श्रावण-भाद्रपदात मळ्यातली झाडं लगडून जायची. आत्यांच्या घरात कुणी खायचं नाही, आळीत अर्ध्या घरांत तीच तऱ्हा. मग आत्या पाटी भरून वांगी आणायच्या आणि आमच्या अंगणात ओतायच्या. "घ्या शिष्टरबाई. तुमाला चालतंय."

"माझं पोट म्हणजे तुमचा उकिरडा आहे का, आत्याबाई?"

"उकिरड्यात टाकलं तर तुमीच रागावता."

हे दर पाटीला. वांग्यांना नाही कधी म्हटलं नाही सिस्टरनी. आम्ही वांग्याची भाजी खायचो, भात खायचो, काप खायचो, मी सुट्टीत केडगावला गेले की आई म्हणायची, तुझ्या अंगाला वांग्याचा वास येतो. उरलेली वांगी त्या काप करून वाळवायच्या.

एवढं देणं-घेणं असून आत्या आमच्या घरी पाणी प्यायच्या नाहीत. ओसरीच्या पायरीवर बसायच्या, तासभर बोलायच्या, आत यायच्या नाहीत. का, ते कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या तरुण रक्ताला ते झोंबायचं. ज्या बाईच्या हातून पोराला औषध चाललं तिच्या हातचं पाणी का चालू नये, असं मी एकदा तावातावानं सिस्टरना म्हटलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "मीही त्यांच्या देवाचा प्रसाद खात नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं शिकवलंय, मूर्तीपुढचं खायचं नाही. त्या देतात, मी हात जोडते. त्यांचं त्यांच्याजवळ, माझं माझ्याजवळ. भांडण नाही ना आमचं?" हे दोन्ही सारखंच आहे असं मला तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. पण सिस्टरना पटलं होतं, आणि पाणी त्यांचं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पावसानं तोंड दाखवलं न दाखवलं आणि गेला. आत्यांच्या विहिरीत आदल्या सालचा साठा होता, त्यावर वांग्याची झाडं भाद्रपदापर्यंत तगली आणि जाता जाता भरपूर लागली, मरायच्या आधी झाडं लागतात तशी. पाट्या आमच्या अंगणात आल्या. एका संध्याकाळी सिस्टर आत्यांची रिकामी पाटी परत करायला मळ्यात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या काही न बोलता फ्रीजपाशी गेल्या. भेटीची वेळ नसताना दार उघडलं, साच्यातला वाटाणा बाहेर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. त्या वर्षी वाटाणा आला तोच मूठभर.

"आज उसळ कर," म्हणाल्या.

"आणि नाताळ?"

"नाताळ येईलच. करंज्यांवाचून येतो तो."

मग त्यांनी चुलीवर वांगी भाजली, सोलली, घोटली. तो गर त्यांनी साच्यात भरला, उरलेला त्या चपट्या डब्यात ठासला आणि वॉर्ड बंद केला. वांग्यासारख्या वांग्यासाठी वाटाणा वॉर्डाबाहेर? माझा विश्वास बसेना. वांगी तर अंगणात पडली होती. म्हातारपणी माणसं बिघडतात, असं मी आईला पत्रात कळवूनही टाकलं.

त्यानंतरचे महिने रॉकेलचे हाल. रेशनवर मिळे ते मिळे. सिस्टरनी स्टोव्ह बंद केला आणि चुलीवर शेण्या-काटक्या लावल्या. मग स्वतःचा कंदील लावायचा बंद केला आणि संध्याकाळी विणकाम घेऊन माझ्या खोलीत येऊन बसायला लागल्या. "तुझ्या उजेडात दोघींचं भागतं." माझ्या कंदिलाचं रॉकेल मात्र त्यांनी कधी मागितलं नाही. फ्रीजची ज्योत तेवढी निळी जळत राहिली.

दिवाळीनंतर माझा भाऊ केडगावहून भेटायला आला. आईनं डबाभर मटणाचा रस्सा पाठवला होता. भाऊ पुढच्या एस.टी.नं परत गेला. डबा संपेना, म्हणून संध्याकाळच्या भेटीच्या वेळी मी तो फ्रीजमध्ये ठेवायला नेला. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत मांस जायचं नाही."

मी उडालेच. या बाईला रविवारी वशाट नसलं तर प्रार्थना चढायची नाही, आणि उरलेलं सारं याच फ्रीजमध्ये राहायचं. "अहो, पण नासेल ना सिस्टर."

"मग नासायच्या आत खाऊ."

टाकणं तर शक्यच नव्हतं. आम्ही दोघी पाटावर बसलो आणि तो डबा तिथेच संपवला. शेवटी शेवटी आम्हाला श्वास घेणं जड जात होतं. सिस्टर मधून मधून आपल्याच पोटावर बोटं वाजवून बघत होत्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "वॉर्डाचे नियम." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की बऱ्याच दिवसांत फ्रीजमध्ये मांस, बोंबील, अंडं, काहीच गेलं नव्हतं. दुष्काळ आहे, परवडत नसेल, असं मी धरून चालले होते.

मार्गशीर्ष लागला. आत्यांचे उपास सुरू झाले. किसन तेव्हा लांब कुठल्याशा तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, सून पोरं घेऊन त्याच्याबरोबर. म्हातारी घरी एकटी. मळा वाळून कोळ झालेला, पण आत्यांनी विहिरीजवळ वांग्याचं एक झाड राखलं होतं. अंघोळीचं, भांड्याचं, जे काही पाणी उरे ते कळशीनं नेऊन त्याला घालायच्या. त्याला दोन वांगी धरली होती. आम्ही सगळ्यांनी ती पाहिली होती. आळीतल्या बायका जाता-येता त्या झाडाची चौकशी करायच्या.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्या आमच्या पायरीवर बसलेल्या. पाय लांब केलेले, हात मांडीवर. ओठ सुकून गेलेले.

"गेलं झाड," त्या म्हणाल्या. "मोकाट गाय शिरली कुनाची. बुडख्यासकट खाल्लं."

चारा नाही म्हणून लोकांनी गुरं सोडून दिली होती. मी त्या गाईला आणि तिच्या मालकाला चार शब्द ऐकवले.

"तिला कशापायी बोलता बाई. तिलाबी भूक हाय."

"आत्या, नगरच्या मंडईतून आणू की वांगी. मी उद्या पहाटेच्या एस.टी.नं जाते."

"इकतचं न्हाई चालत. आपल्या मळ्यातलं बोलल्येय मी. न्हाई तर उपास सुटायचा न्हाई. तिकडं किसन सुरुंगाच्या कामाव हाय. त्याच्यावरचं बोलनं हाय ह्ये." हे त्या अगदी शांतपणे बोलल्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "देव बगतोय. मी तरी काय करनार. बसते तशीच."

तशीच म्हणजे उपाशी. किती दिवस, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाच दिवसांच्या उपासानं ती म्हातारी आधीच पापडासारखी झालेली. मी घाबरले.

सिस्टर घरातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वाकून आत्यांचा हात धरला, घड्याळाकडे बघत नाडी मोजली, हात परत मांडीवर ठेवला.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "तुमचा एक पेशंट माझ्याकडे भरती आहे. भाद्रपदापासून. न्यायचा असेल तर आत या. डिस्चार्ज मी फक्त नातेवाइकांच्या हातात देते."

आत्यांना काही कळलं नाही. मलाही नाही. मग मला एकदम कळलं.

सिस्टर आत जाऊन फ्रीजपाशी उभ्या राहिल्या आणि थांबल्या. हाक मारली नाही. आत्या थोडा वेळ पायरीवर बसून राहिल्या. मग भिंतीला धरून उठल्या आणि उंबरा ओलांडून आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सिस्टरनी दार उघडलं, वॉर्डातून साचा काढला, चपटा डबा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यावर पांढरी साय धरल्यासारखा बर्फ होता.

"तुमच्या मळ्यातली. तुम्हीच आणून ओतलेली. भाजून गर करून ठेवलाय."

आत्यांनी बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. मग साच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं आणि ते त्या विचारतील की काय, याची मला भीती वाटत होती. त्यांनी विचारलंच, पण फार हळू. "ह्येच्यात... मटान-बिटान ठिवता ना तुमी?"

"हे आत आल्यापासून नाही. बोटभर बोंबीलसुद्धा नाही. या टीचरला विचारा, हिला डबाभर मटण एका बैठकीत संपवायला लावलंय मी."

"व्हय आत्या," मी म्हटलं.

"भाजलं कशाव?"

"तुमच्याच गोवऱ्यांवर. आणि पाण्याचा थेंब घातलेला नाही. जे गोठलंय ते वांग्याचं स्वतःचं पाणी आहे."

आत्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरच्या घरी पाणी न पिण्याबद्दल त्या दोघी एकमेकींशी एवढंच बोलल्या, आयुष्यात एकदाच आणि तेही असं.

"आदी का न्हाई सांगितलं?"

"रॉकेल संपलं असतं मधेच तर? नातेवाइकांना उगाच आशा लावायची नसते, आत्याबाई."

आत्यांनी पदर पसरला आणि साचा, डबा त्यात घेतला. गार लागत असणार, पण छातीशी धरूनच घरी गेल्या.

रात्री मी सिस्टरना विचारलं, तुम्हाला कळलं कधी. त्या वीण मोजत होत्या. म्हणाल्या, "पाटी द्यायला गेले तेव्हा विहिरीत डोकावले. तळ दिसत होता. झाडं चंपाषष्ठीपर्यंत टिकणार नाहीत हे दिसलं. वाळवलेल्या वांग्याचं भरीत होत नाही." मग म्हणाल्या, "तुझी वात पिवळी जळतेय," आणि माझ्या कंदिलाची वात नीट करायला लागल्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला. त्या बाईनं आपल्या फ्रीजकडून आत्यांचा चातुर्मास पाळून घेतला होता आणि आपण काही केलं आहे असं तिला वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. सकाळपासून आत्यांच्या अंगणातून रोडगा भाजल्याचा वास येत होता. आळीतल्या बायका जमल्या होत्या. तळी भरायची तयारी झाली होती. भंडाऱ्यानं माखलेलं ताम्हन ओट्यावर ठेवलेलं. अजून नैवेद्य दाखवलेला नव्हता, येळकोटाचा गजर झाला नव्हता. आणि आत्या आमच्याकडे आल्या. पदराखाली वाटी. यावेळी पायरीवर थांबल्या नाहीत, सरळ आत आल्या आणि सिस्टरपुढे वाटी धरली. गरम भरीत, त्यावर कांद्याची पात, बाजूला रोडग्याचा तुकडा.

सिस्टरनी सवयीनं हात जोडले.

"परसाद न्हाई हा," आत्या म्हणाल्या. "देवाला दाखवायच्या आदी काडलंय. तुमाला चालंल."

मी नवस-नैवेद्याच्या घरात वाढलेली मुलगी. देवाच्या आधी घासही कुणी काढत नाही, लहान पोर रडलं तरी थोपवून धरतात, आणि चाखणं तर दूरच. आत्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. बाहेर बायका थांबलेल्या, आणि आपल्या नवसाच्या पानातला पहिला घास ही म्हातारी इथे घेऊन आली होती. सहा दिवसांची उपाशी.

सिस्टरनाही ते ठाऊक होतं. त्यांनी वाटी घेतली. उभ्या उभ्या रोडग्याचा तुकडा मोडला, भरीत लावलं, तोंडात घातलं. बराच वेळ चावत राहिल्या. डोळे भरून आले होते त्यांचे, माझे तर वाहतच होते. मग गिळून म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

मला वाटलं, धरणी दुभंगावी. पण आत्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं सांगितलंत. आमाला चाखता येत न्हाई ना आदी. दर साली अंदाजानंच घालती म्या." आणि त्या लगबगीनं घरी गेल्या, भरीतात मीठ घातलं, आणि मग देवाला दाखवलं. येळकोटाचा गजर आमच्यापर्यंत आला. सिस्टर वाटी पुसून पुसून खात होत्या.

किसन तलावाच्या कामावरून धडधाकट परत आला. कुणी वाचवला, यावर पुन्हा वाद झालाच. त्या नाताळाला करंज्या नव्हत्या. सिस्टरनी वाळवलेल्या गवारीची आमटी केली आणि आपलं नाताळाचं गाणं नेहमीसारखं बेसूर म्हटलं.

पुढे दर चंपाषष्ठीला नैवेद्याच्या आधी एक वाटी आमच्याकडे यायची आणि सिस्टर निकाल द्यायच्या. कधी मीठ कमी, कधी तिखट जास्त. एकदा "ठीक आहे" म्हणाल्या तर आत्या आळीभर सांगत हिंडल्या. मग माझं लग्न झालं, बदली झाली, मी गाव सोडलं. सिस्टर गेल्याचं पत्र किसननं पाठवलं. ते मला उशिरा मिळालं. त्या साली मी मुद्दाम चंपाषष्ठीला गावी गेले. आमची ओसरी बंद होती. दारावर भेंडीची एक वाळकी माळ तशीच होती.

आत्या आता फार थकल्या होत्या. तळी भरून झाली, येळकोट झाला, माझ्यापुढे प्रसादाचं पान आलं. मी घास घेतला.

"मीठ हाय का बरूबर?" आत्यांनी विचारलं.

"बरोबर हाय, आत्या."

त्यांनी माझ्या पानातलं भरीत बोटानं चाखलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "कमी हाय. शिष्टरबाई असत्या तर सांगत्या."